मोगरा माहीत नव्हता तेव्हाचा नाताळ

मंडळी, नमस्कार. सुरुवातीलाच एक विचारतो, हात वर करून सांगा. नाताळ म्हटलं की डोळ्यांसमोर बर्फ येतो, असे किती जण आहेत? बघा, जवळजवळ सगळेच. मागच्या रांगेतल्या त्या आजींनी हात वर केला नाही. आजी, तुमच्याशी मला नंतर बोलायचंय.

माझं लहानपण नगरकडचं. आमच्या वस्तीत डिसेंबरातल्या पहाटे दात वाजायचे, पण बर्फ कुठला? तरी आम्ही पोरं सुरूची फांदी आणून तेलाच्या रिकाम्या डब्यात रोवायचो आणि गादी पिंजून उरलेला कापूस तिच्या काड्याकाड्यांवर चिकटवायचो. आई करंज्या लाटता लाटता म्हणायची, "अरे, बेथलेहेमातल्या मेंढपाळांनी काय कापूस पांघरला होता का?" आम्ही हसायचो आणि आणखी कापूस चिकटवायचो. तो कापूस आपल्या सगळ्यांच्या डोक्यात अजून चिकटलेला आहे. आज तो थोडासा काढायचा आहे.

पत्रिकेवर विषय छापलाय, 'घरापासून दूर, उबदार देशात: एका तरुण मिशनऱ्याचा नाताळ'. हे वाचल्यावर कसं चित्र उभं राहतं? माडाखाली बसलेला एक गोरा तरुण, हातात आईचं पत्र, घरचा बर्फ आणि शेकोटी आठवून डोळे भरून आलेले. जुन्या मिशनरी मासिकांत हे चित्र मी किती वेळा पाहिलं असेल, मोजदाद नाही. पण या चित्रातलं बरंचसं सामान एकोणिसाव्या शतकातलं आहे. नाताळचं पहिलं छापील कार्ड लंडनला निघालं १८४३ साली. इंग्रजांच्या दिवाणखान्यात नाताळचं झाड रुळलं तेही त्याच सुमारास, व्हिक्टोरिया राणीच्या काळात. आणि मी ज्याच्याबद्दल बोलणार आहे तो तरुण गोव्याच्या धक्क्यावर उतरला १५७९ साली. त्याचं नाव थॉमस स्टीफन्स. वय तीस. भारतात येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून ज्याचं नाव घेतात, तोच हा.

माझं म्हणणं काय, ते आधी सांगून टाकतो, म्हणजे मी वाहवत गेलो तर तुम्ही मला आठवण द्याल. माझं म्हणणं असं, की आपल्या मुलखात सुरुवातीला आलेल्या या तरुण मिशनऱ्यांना घरचा नाताळ आठवून कढ येत असतील, ही समजूत तपासून बघायला हवी. कारण घरी त्यांचा नाताळ होता कुठे? आणि इथल्या लोकांचा नाताळ तरी त्या वेळी त्यांचा होता का? या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. ती सोडवून दाखवायला मला चाळीस मिनिटं मिळाली आहेत.

पण त्याआधी मनातली एक सल सांगतो. ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

गेल्या वर्षी सत्तावीस फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, एका शाळेत पाहुणा म्हणून गेलो होतो. शाळेचं नाव घेत नाही, कारण जे तिथे होतं ते सगळीकडेच असतं. व्यासपीठामागे मोठा फलक, झेंडूच्या माळा, आणि फलकावर ती ओवी: 'जैसी हरळांमाजि रत्नकिळा'. याच स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणातली. तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा तर ही ओवी किती फलकांवर, किती भाषणांत, किती मोबाइलवर फिरली! मला आनंद झाला. खरंच झाला. आपली भाषा रत्नासारखी आहे असं चारशे वर्षांपूर्वी एक परका माणूस म्हणून गेला, ही अभिमानाचीच गोष्ट आहे.

तर मी मुलांना विचारलं, "हरळ म्हणजे काय रे?" सगळे गप्प. मग सातवीतला एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, हरळी. गवत." हुशार पोरगा! हरळी म्हणजे गवत, हे बरोबरच आहे. गवतात पडलेलं रत्न चमकतं, असा त्याने अर्थ लावला. मी म्हटलं, "शाबास, पण इथे हरळ म्हणजे बारीक खडा. तुझी आजी तांदूळ निवडताना जो वेचून बाजूला टाकते ना, तो." तर तो मुलगा खाली बसला नाही. उभ्या उभ्या विचार केला आणि म्हणाला, "पण सर, इंग्रजाला तांदळातले खडे कसे माहीत?"

मंडळी, आयुष्यभर वर्गात शिकवलं, पण इतका नेमका प्रश्न मला क्वचितच कुणी विचारला. मी त्याला उत्तर देणार, तोच सूत्रसंचालकांनी पुढच्या कार्यक्रमाचं नाव पुकारलं. मुलगा बसला. पुढे कुणीतरी भाषणात तीच ओवी पुन्हा म्हटली. टाळ्या झाल्या. घरी येताना मला वाईट वाटलं ते याचं. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं पुराण लिहिलं या माणसाने. 'पहिलें पुराण' छत्तीस अवस्वरांचं, म्हणजे अध्यायांचं, 'दुसरें पुराण' एकोणसाठ अवस्वरांचं. त्यातल्या चारपाच ओव्या आपण उचलल्या, ज्यांत आपली स्तुती आहे तेवढ्याच, आणि बाकीचा ग्रंथ मिटून ठेवला. एखाद्याने आपल्याला लांबलचक पत्र लिहावं आणि आपण त्यातला फक्त 'तुम्ही फार चांगले आहात' एवढाच भाग कापून भिंतीवर लावावा, तसं झालं हे. त्या ग्रंथात जन्माची कथा आहे. गव्हाणी आहे, मेंढपाळ आहेत. मराठीतला पहिला मोठा नाताळ तिथे आहे. तो कोण वाचतं?

त्या मुलाचा प्रश्न मात्र मी सोडला नाही. इंग्रजाला खडे कसे माहीत? चला, त्याच्या मागे जाऊ.

या माणसाने गोव्याला पोचल्यावर लंडनला आपल्या वडिलांना एक पत्र लिहिलं. वडील व्यापारी. पत्राची तारीख १० नोव्हेंबर १५७९. हे पत्र टिकलं, कारण दहा वर्षांनी, १५८९ साली, ते लंडनमध्ये समुद्रप्रवासांच्या एका मोठ्या संग्रहात छापलं गेलं. मी ते अनेकदा वाचलंय आणि दर वेळी मला त्यातला मुलगा दिसतो. घरून निघताना 'सगळं सविस्तर कळव' असं बापाने बजावलेलं असणार, आणि हा अगदी इमानाने सगळं कळवतोय.

४ एप्रिलला लिस्बनहून पाच जहाजं निघाली. कर्णे वाजले, तोफा सुटल्या. पुढे मदिरा बेटं, मग कॅनरी बेटं, मग आफ्रिकेचा गिनीचा किनारा. तिथे वारा पडला. जहाज जागच्या जागी. वर आभाळ भरलेलं, गडगडाट, विजा आणि पाऊस. पाऊस असा, की त्याचं पाणी जरा साठून राहिलं तर त्यात किडे, आणि टांगलेल्या मांसावर पडलं तर मांसात किडे. आपल्याला वाटतं, उष्ण देशाची पहिली ओळख म्हणजे लख्ख ऊन आणि माड. याला झालेली पहिली ओळख ही अशी.

तो उडणारे मासे बघतो. पाण्यातून मोठा मासा पाठलाग करतोय म्हणून हा बिचारा पंख पसरून वर उडतो, आणि वर समुद्रपक्षी टपलेला. दोन्हीकडून मरण. हे त्याने किती बारकाईने लिहिलंय! शिवाय खलाशांचं एक दुखणंही वडिलांना समजावून सांगतो. उत्तर-दक्षिण किती आलो हे सूर्यावरून, ताऱ्यांवरून कळतं. पण पूर्व-पश्चिम किती आलो हे सांगणारं खात्रीचं साधनच नाही. सगळा अंदाज. विचार करा, आपण जगात नेमके कुठे आहोत हे जहाजावर कुणालाच धड सांगता येत नाही आणि महिन्यांमागून महिने जाताहेत.

मग आजार. हिरड्या सुजतात, अंग सुजतं, ताकद जाते. आपण त्याला स्कर्व्ही म्हणतो. ताजी फळं-भाजी पोटात गेली नाही की होतो. त्याच्या जहाजावर दीडशेच्या वर माणसं आजारी पडली आणि २७ मेली. आणि पुढे तो काय लिहितो? इतर खेपांच्या मानाने हे फार नाही, असं सगळे म्हणतात. बापाने हे वाचलं असेल तेव्हा त्याच्या पोटात काय झालं असेल?

आता माझी सगळ्यात आवडती जागा. ती गाळून मी पुढे जाणार नाही, कुणी कितीही चिठ्ठ्या पाठवल्या तरी! प्रवाहाने जहाज भरकटलं होतं. पाणी संपत आलं, शिधा संपत आला. जमीन कुठे आहे? मग खुणा दिसायला लागल्या. काही पक्षी. माडाच्या झावळ्या वाहत येताना. पाण्यावर पोहणारे साप. आणि आणखी एक गोष्ट: पाण्यावर तरंगणाऱ्या गोल गोल चकत्या, एखाद्या नाण्याएवढ्या, नाण्यासारख्याच सपाट, आणि त्यांवर निसर्गाने उठवलेली सुंदर नक्षी. खलाशी त्यांना नाण्याचंच नाव देतात, असं तो लिहितो. साप आणि ही नाणी दिसली की जमीन जवळ आली, यात शंका नाही. तसंच झालं. २४ ऑक्टोबरला गोवा. एकूण २०३ दिवस.

आपल्यापैकी जे कोकणातले आहेत त्यांनी पावसाळ्यानंतर समुद्रावरचे ते साप पाहिले असतील. आपण 'बाबा रे' म्हणून मागे सरतो. या माणसाने त्यांच्याकडे बघून देवाचे आभार मानले असतील. आपल्या किनाऱ्याने त्याचं पहिलं स्वागत केलं ते सापांनी आणि समुद्राच्या नाण्यांनी.

आणि मग पत्राच्या शेवटाकडे तो झाडांबद्दल लिहितो. युरोपात पाहिलेलं एकही झाड मला इथे अजून दिसलेलं नाही, असं तो म्हणतो. अपवाद फक्त द्राक्षवेलीचा, आणि तीही इथे काही कामाची नाही, दारू सगळी पोर्तुगालहूनच येते. पुढे माडाचं कौतुक आहे, माडीचं, नारळाच्या पाण्याचं. पण मी अडकतो त्या एका वाक्यापाशी. एकही ओळखीचं झाड नाही. परगावी गेल्यावर माणसं अनोळखी असतात, त्याचं काही वाटत नाही, ओळखी होतात. पण सकाळी खिडकी उघडावी आणि एकाही झाडाचं नाव आपल्याला येऊ नये! ते परकेपण वेगळं. माझा मुलगा पहिल्यांदा परदेशी गेला तेव्हा फोनवर त्याने हेच सांगितलं होतं. म्हणाला, "बाबा, इथे चिमण्यासुद्धा वेगळ्या आहेत."

हे पत्र लिहिल्यावर सहा आठवड्यांनी नाताळ आला. त्या नाताळबद्दल त्याने लिहिलेलं काही आपल्या हाती नाही. पण काय काय होतं आणि काय नव्हतं, हे आपल्याला सांगता येतं. आज आपण जुन्या गोव्याला गेलो की आधी बॉम जीझसचं चर्च बघतो. ते तेव्हा नव्हतं. त्याचं काम १५९४ साली सुरू झालं. से कॅथेड्रल अर्धवट बांधलेलं, पुरं व्हायला अजून चाळीस वर्षं होती. येशूसंघाचे, म्हणजे जेझुइट, लोक राहायचे ते सेंट पॉल कॉलेजात; स्टीफन्स त्यांच्यातलाच. आज त्याची एक कमान तेवढी उरली आहे, रस्त्याच्या कडेला, गाडीतून जाताना चुकूनच दिसते. फ्रान्सिस झेवियरचं शव तेव्हा तिथेच होतं. आणि १५५६ साली आलेला छापखानाही तिथलाच. स्टीफन्सला अजून पाद्रीपणाची दीक्षा मिळालेली नव्हती, ती पुढल्या वर्षी मिळाली. म्हणजे त्या नाताळला मिस्सा, चर्चमधली मुख्य उपासना, करणारा तो नव्हता. बाकी सगळ्यांत उभा राहून ऐकणारा होता.

अजून एक. ती पंचवीस डिसेंबर आपली पंचवीस डिसेंबर नव्हे. पोप ग्रेगरीची दिनदर्शिका अजून आलेली नव्हती, ती १५८२ ची. जुन्या दिनदर्शिकेतली ती पंचवीस डिसेंबर म्हणजे आपल्या हिशेबाने १५८० ची ४ जानेवारी. गोव्यात पहाटे अंगावर काहीतरी घ्यावं असं वाटायला लावणारी हवा आणि दुपारी घाम. आजी, तुम्ही हात का वर केला नाही ते आता माझ्या लक्षात आलं. तुमचं माहेर तिकडचं! म्हणजे तुमच्या नाताळात बर्फ नसून दव आहे.

...ही चिठ्ठी आली. बारा मिनिटं उरली म्हणताहेत. बरं. मूळ मुद्दा अजून व्हायचाच आहे, तेव्हा आता भरभर.

पहिला प्रश्न. घरी त्याचा नाताळ कसा होता? स्टीफन्स जन्मला १५४९ साली. १५५३ ते १५५८ इंग्लंडच्या गादीवर मेरी राणी होती, कॅथलिक. तेवढ्या पाच वर्षांत मिस्सा पूर्वीसारखी राजरोस होत होती. मग एलिझाबेथ आली आणि १५५९ च्या कायद्याने मिस्सा बंद झाली. नाताळच्या जेवणावळी राहिल्या, गाणीबजावणी राहिली. पण इंग्रजीत ज्या सणाचं नावच 'ख्रिस्ताची मिस्सा' असं आहे, त्यातली मिस्साच बेकायदा ठरली. म्हणजे या मुलाने स्वतःच्या देशात उघड नाताळची मिस्सा पाहिली असेल तर ती चार ते नऊ या वयात. त्यानंतर जे काही असेल ते लपूनछपून, दार लावून. त्याचा जिवलग मित्र थॉमस पाउंड त्याच्याबरोबर रोमला जायचा होता, तो पकडला गेला आणि पुढची तीसेक वर्षं या तुरुंगातून त्या तुरुंगात राहिला. हा एकटा रोमला पोचला. गोव्यात हा नाताळच्या रात्री घंटा ऐकत होता तेव्हा मित्र कोठडीत होता. आणखी दोन वर्षांनी त्याच्याच संघाचा एडमंड कॅम्पियन लंडनमध्ये फाशी गेला. घर आठवलं असेल, जरूर आठवलं असेल. आई-बाप, भाऊ, ओळखीची झाडं. पण 'घरचा नाताळ' म्हणून जे म्हणतात ते त्याला घरी मिळतच नव्हतं. उघड्या दारांची मिस्सा त्याला या उबदार देशात मिळाली.

दुसरा माणूस, आमच्या अमेरिकन मराठी मिशनचा मूळपुरुष, गॉर्डन हॉल. मॅसॅच्युसेट्सचा. फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरला तेव्हा वय अठ्ठावीस. कंपनी सरकारला मिशनरी नको होते, त्यातून अमेरिका आणि इंग्लंडचं युद्ध चाललेलं. त्या वर्षीच्या डिसेंबरात हॉलच्या डोक्यावर हद्दपारीची तलवार लटकत होती आणि तो गव्हर्नरला अर्ज लिहीत होता. त्याला घरचा नाताळ आठवला असेल? त्याच्या गावचे लोक जुन्या प्युरिटन, म्हणजे नाताळसारखे सण न मानणाऱ्या, वळणाचे. १६५९ साली त्याच्या प्रांतात नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता! तो कायदा १६८१ साली गेला, पण वळण राहिलं. पंचवीस डिसेंबरला दुकानं उघडी, शाळा चालू. तिथे नाताळची सुटी कायद्याने लागली १८५६ साली, आणि हॉल तर १८२६ मध्येच नाशिककडून परतताना वाटेत कॉलऱ्याने वारला, एकेचाळिसाव्या वर्षी. नाताळचा सण म्हणून थाट त्याने बघितला असेल तर तो मुंबईत, इथल्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांत. सिंथिया फरार, जिची नगरची मुलींची शाळा जोतीरावांनी पाहिली, ती इथल्या पहिल्या नाताळला अजून बोटीवरच होती. १८२७ च्या डिसेंबराच्या अगदी अखेरीस मुंबईला लागली. तिच्यावर बोलायचं तर वेगळं व्याख्यान लागेल. बोलवा, मी येईन.

आता दुसरा प्रश्न. हा जड आहे, आणि याच्यासाठीच मी आज आलो.

स्टीफन्सचं पुढचं आयुष्य गेलं सासष्टीत. मडगाव, रायतूर, तो सगळा भाग. तिथे कोण लोक होते? १५६० साली मंगेशाची मूर्ती कुठ्ठाळीहून रातोरात जुवारी नदीपलीकडे प्रियोळला गेली, आदिलशाहीच्या मुलखात. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. त्याच वर्षी गोव्यात धर्मसमीक्षण, म्हणजे इन्क्विझिशन, आलं. १५६७ साली सासष्टीतली देवळं पाडली. स्टीफन्स आला त्याच्या आधी फक्त बारा वर्षं! मी ख्रिस्ती आहे, आणि हे मला चाचरत सांगायचं नाही. जे झालं ते जुलमाने झालं. १५८३ साली कुंकळ्ळीला पाच येशूसंघी मारले गेले; त्यांची शवं आणायला गेला तो स्टीफन्सच. आणि मग पोर्तुगिजांनी गावच्या प्रमुखांना बोलावून दग्याने मारलं, तेही त्याच वर्षी.

म्हणजे बघा. आपण 'घरापासून दूर' म्हणून त्या पाद्र्याकडे बघत बसलो. पण तो ज्यांच्यात आला होता त्यांचे देव घरापासून दूर गेले होते. जे मागे राहून ख्रिस्ती झाले, त्यांच्या हातातून जुन्या पोथ्या गेल्या होत्या, संध्याकाळचं पुराण गेलं होतं, कीर्तन गेलं होतं. नाताळ त्यांनाही नवा होता. पोर्तुगिजांचा सण, नावसुद्धा पोर्तुगीज. नाताळ हा शब्द त्यांच्याकडचाच. तो तरुण आपल्या घरी परका झालेला, आणि हे लोक घर न सोडता परके झालेले.

ख्रिस्तपुराणाची सुरुवात कशी होते, ठाऊक आहे? धर्मशिक्षणाच्या वर्गात एक ब्राह्मण उठतो आणि पाद्रीगुरूला विचारतो. आमची पहिली पुराणं तुम्ही वाचू देत नाही, मग त्यांच्या जागी दुसरी काही पुराणं का देत नाही? पुराणाच्या अगदी तोंडाशी हा प्रश्न आहे. कवीने तो गाळला नाही, मऊ केला नाही. माझी खात्री आहे की हा प्रश्न त्याला एकदाच नाही, वर्षानुवर्षं ऐकू आला असेल. पोथी गेली, आता संध्याकाळी काय ऐकायचं? ज्याची स्वतःची मिस्सा लहानपणी काढून घेतली गेली होती, त्याला हे दुःख कळलं असेल असं मला वाटतं. ज्या सत्तेने ते दुःख दिलं तिच्याच छायेत तो राहत होता, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी मी जवळ ठेवतो. एक उचलून दुसरी टाकून देणं मला जमत नाही.

त्याने उत्तर दिलं ते सदतीस वर्षांनी, १६१६ साली, रायतूरला छापून. आणि ते ओवीत दिलं, म्हणजे ज्या छंदात त्यांचं हरवलेलं पुराण होतं त्याच छंदात. गोव्याच्या देवळांत, म्हणजे चर्चमध्ये, पुढे कित्येक पिढ्या लोक ते गात राहिले. भाषा मराठी किती, कोंकणी किती, हा वाद आज नको. गोव्याचे कुणी इथे असतील तर त्यांना मी चहाच्या वेळी भेटतो.

आणि आता त्या सातवीतल्या मुलाचं उत्तर. इंग्रजाला तांदळातले खडे कसे माहीत? तो कुणाच्या तरी ओसरीवर बसला असेल. समोर बाई सुपात तांदूळ घेऊन निवडत असेल, पाखडत असेल, एकेक खडा नखाने उचलून बाजूला. त्याने विचारलं असेल, हे काय? ती म्हणाली असेल, हरळ. छापील व्याकरण तेव्हा हाताशी नव्हतं. कोंकणीचं व्याकरण पुढे त्यानेच लिहिलं, ते त्याच्या मरणानंतर १६४० मध्ये छापलं गेलं. तोवर शब्द मिळायचा तो असाच, माणसाच्या तोंडून, काम चालू असताना.

आणि त्या ओवीच्या पुढची ओवी. ती शाळेच्या फलकावर नव्हती, तुम्हाला कदाचित आठवत असेल. भाषांमध्ये मराठी कशी, तर फुलांमध्ये मोगरी तशी. गुलाब नाही, इंग्लंडच्या कुंपणावरचं कुठलं फूल नाही. मोगरा. ज्याने बापाला लिहिलं होतं की इथे ओळखीचं एक झाड नाही, त्याला सगळ्यात सुंदर काय हे सांगताना मोगरा आठवला.

मला हात दाखवताहेत. दोन मिनिटं. मग मी आता बोलत नाही. पोथी मी पिशवीतून आणली आहे. दुसऱ्या पुराणातला जन्माचा भाग आहे, खूण घालून ठेवलाय. आजी, तुम्ही पुढे या. तुमच्या लहानपणी घरात हे कुठल्या चालीवर म्हणायचे ते मला ऐकायचंय. मी पहिली ओवी वाचतो, चाल तुम्ही धरा. चुकलं तरी चालेल. आणि पंखा जरा बंद करा रे कुणीतरी, आवाज मागेपर्यंत जाऊ दे.